परसातली सफरचंदं, जिन्याखालच्या बाटल्या: घरी सायडर करण्याची आणि टिकवण्याची रीत

ऑक्टोबरात आईचा फोन आला तेव्हा माझे हात कोपरापर्यंत सफरचंदाच्या चोथ्यात होते. फोन स्पीकरवर टाकला आणि काय चाललंय ते सांगितलं. पलीकडे क्षणभर शांतता. मग, "म्हणजे तिकडे जाऊन तू दारू गाळतेस?"

"गाळत नाही गं आई, आंबवतेय."

तेव्हा हसण्यावारी नेलं, पण सगळा कायदा आणि निम्मा धोका या दोन शब्दांच्या मधे आहे. आंबवणं म्हणजे फळाच्या रसातली साखर यीस्टला खाऊ घालायची. तिचं अल्कोहोल होतं आणि कार्बन डायऑक्साइड फसफसत निघून जातो. गाळणं म्हणजे तोच आंबलेला रस तापवून त्याची वाफ धरायची, अर्थात भट्टी. आमच्या सिंधुदुर्गात आणि गोव्यात हे दोन टप्पे लहान मुलांनाही ठाऊक असतात. काजूच्या बोंडांचा नीरो आंबतो, तो भट्टीवर चढला की हुर्राक, आणि पुन्हा चढला की फेणी.

मी इंग्लंडात वूस्टरशरमध्ये राहते. इथे स्वतःच्या घरात पिण्यापुरती सायडर (म्हणजे सफरचंदाचा आंबवलेला रस), वाइन किंवा बिअर करायला परवाना लागत नाही. बिअरसाठी पूर्वी लागायचा, तो १९६३ मध्ये गेला. विकायला निघालात की मात्र नियम बदलतात. आणि गाळणं परवान्याशिवाय गुन्हाच, मग ते एक वाटी का असेना आणि फक्त स्वतःसाठी का असेना. अमेरिकेत दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन वाइन (सायडर त्यातच मोडते) केंद्राचा कर न भरता करता येते, राज्याचे नियम वेगळे पाहावे लागतात. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी आंबवणंसुद्धा गुन्हा आहे. त्यामुळे हा लेख साताऱ्यात बसून वाचत असाल तर नुसता वाचा. भट्टीबद्दल मी पुढे एक अक्षरही लिहिणार नाही. ज्वालाग्राही वाफ, उघडा जाळ आणि बंद स्वयंपाकघर हे त्रिकूट मला नको.

आता स्वावलंबनाचा हिशोब, म्हणजे उगाच स्वप्नं नकोत. आमच्या घरामागे दोन झाडं आहेत. एक ब्रॅम्ली, म्हणजे इथलं शिजवायचं आंबट सफरचंद, आणि एक लालसर गोड, ज्याची जात कुणालाच सांगता येत नाही. बऱ्या वर्षी मी ४५ किलो फळं सायडरसाठी काढते. घरगुती साधनांनी निम्मा रस निघतो, म्हणजे २२-२३ लिटर. दोघांत मिळून आठवड्याला अर्ध्या लिटरची एखादी बाटली धरली तर आठेक महिने निघतील, वर थोडं व्हिनेगर. पूर्वी इथल्या सायडरच्या मुलखात शेतमजुरांच्या मजुरीचा काही भाग चक्क सायडरमध्ये देत. १८८७ च्या कायद्यानं ती चाल बंद केली. त्या शेतांवर ओक लाकडाची मोठी पिपं असायची. आपल्याकडे जिन्याखालचं कपाट आहे. ते पुरतं.

कुठली सफरचंदं

सायडरची खास सफरचंदं वेगळी असतात: किंग्स्टन ब्लॅक, डॅबिनेट, यार्लिंग्टन मिल. कच्चं चावलंत तर तोंड असं आवळतं, जणू कच्चं बिब्ब्याचं बोंड चाखलं. तो तुरटपणा टॅनिनचा. ब्रिस्टलजवळच्या लाँग अॅश्टन संशोधन केंद्रात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या फळांची चार गटांत वाटणी झाली, ती आजही चालते: गोड, आंबट, कडूगोड आणि कडूआंबट. आम्ल ०.४५ टक्क्यांच्या वर असेल तर आंबट, टॅनिन ०.२ टक्क्यांच्या वर असेल तर कडू.

अशी फळं मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर खायची गोड सफरचंदं दोन भाग आणि ब्रॅम्ली एक भाग, हे माझं माप. (ब्रॅम्लीची एक गोष्ट सांगायलाच हवी. नॉटिंगहॅमशरमधल्या साउथवेल गावात १८०९ मध्ये मेरी अॅन ब्रेल्सफर्ड या मुलीनं बिया पेरल्या, त्यातून आलेल्या एका झाडाची ही सगळी कलमी प्रजा. नाव मात्र पडलं पुढे ते घर विकत घेणाऱ्या खाटकाचं.) नुसत्या गोड फळांची सायडर पुळचट लागते आणि लवकर बिघडते. नुसत्या ब्रॅम्लीची प्यायल्यावर दात आंबतात. तुरटपणा कमी पडतोच, त्यासाठी इथले जुने लोक साडेचार लिटरच्या काचेच्या हंडीत एक कप कडक कोरा चहा घालतात. मीही घालते.

फळ पिकलंय का ते बी सांगतं. कापल्यावर बी तपकिरी हवी, पांढरी असेल तर थांबा. झाडावरून काढलेली फळं लगेच पिळू नका. दोन-तीन आठवडे कोरड्या जागी, पेपरावर एकेरी पसरून ठेवा. आतल्या पिठाची साखर होत जाते. अंगठा दाबला की हलकासा खड्डा पडला पाहिजे. आढीत घातलेल्या हापूसची जी परीक्षा, तीच.

गळालेली फळं चालतात, पण ज्या कुरणात जनावरं चरतात तिथली नकोत. ओरखडा, ठेच, पक्ष्याची चोच, हे कापून टाकलं की झालं. तपकिरी मऊ सडलेलं फळ मात्र पूर्ण फेका. त्या बुरशीतून पॅट्युलिन नावाचं विष येतं. आंबताना त्याचा बराचसा नाश होतो, पण म्हणून जाणूनबुजून घालायचं नाही.

भांडी: कळकणारं काही नको

आजी ताक कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात कधी ठेवत नसे. कळकतं. सफरचंदाचा रस ताकाइतकाच आंबट असतो आणि महिनोन्‌महिने भांड्यात राहतो. म्हणून तांबं, पितळ, लोखंड, जस्ताचा मुलामा दिलेली बादली यांपैकी काही नको. स्टेनलेस स्टील, काच आणि खाद्यपदार्थांसाठीचं प्लास्टिक, एवढंच. चकचकीत जुनी चिनी मातीची बरणीही नको, तिच्या झिलईत शिसं असू शकतं. अठराव्या शतकात डेव्हन परगण्यातले लोक पोटशुळानं आणि लुळ्या पडलेल्या हातांनी बेजार झाले होते. जॉर्ज बेकर या डॉक्टरनं १७६७ मध्ये दाखवून दिलं की दोष सायडरचा नाही, तिच्या घाण्यांमध्ये आणि चरकांमध्ये वापरलेल्या शिशाचा आहे.

लागतं ते असं. एक झाकणाची प्लास्टिकची बादली. साडेचार लिटरच्या अरुंद तोंडाच्या काचेच्या हंड्या, यांना इथे डेमीजॉन म्हणतात. मी पाच वापरते. प्रत्येक हंडीच्या बुचात बसणारा एअरलॉक, म्हणजे पाण्याचा वळसा असलेली छोटी नळी, जिच्यातून आतला वायू बाहेर पडतो पण बाहेरची हवा आत येत नाही. दीड मीटर रबरी नळी. हायड्रोमीटर, म्हणजे रसात तरंगवून साखरेचा अंदाज देणारी काचेची कांडी. आम्ल मोजायच्या पीएच पट्ट्या. बाटल्या, बुचं. हायड्रोमीटरला चाट देऊ नका. पुढे माझी काय फजिती झाली ते वाचाल तेव्हा कारण कळेल.

सगळं आधी साबणानं धुवा, मग निर्जंतुक करा. ही दोन वेगळी कामं आहेत. घाण चिकटलेल्या भांड्याला कुठलंही औषध लागू पडत नाही. घरगुती ब्लीच वापरू नका, क्लोरीनचा अंश राहिला तर सायडरला दवाखान्याचा वास येतो. वाइनच्या सामानाच्या दुकानात सोडियम मेटाबायसल्फाइट मिळतं, तेच बरं. घरात कुणाला दमा असेल तर त्या व्यक्तीनं त्याच्या वाफेजवळ जाऊ नये, आणि पितानाही सायडरमध्ये सल्फाइट आहे हे तिला सांगावं.

दळणं आणि पिळणं

सफरचंद नुसतं पिळून रस निघत नाही, आधी भरडावं लागतं. त्यासाठी हातानं फिरवायची चक्की मिळते. थोड्या फळांसाठी फूड प्रोसेसर पुरतो, साली-बियांसकट फोडी टाका. बिया फार बारीक होऊ देऊ नका, कडवटपणा येतो.

चक्की आणि चरक दोन्ही नसतील तर एक युक्ती. फोडी करून फ्रीझरमध्ये दगड होईपर्यंत गोठवा, मग रात्रभर बादलीत वितळू द्या. बर्फाच्या स्फटिकांनी पेशी फुटलेल्या असतात, हातानं पिळलं तरी रस वाहतो. पहिल्या वर्षी मी अशीच दहा किलो फळं केली. आईनं बॅगेत कोंबून दिलेला मलमलचा पंचा उकळून घेतला, त्यात लगदा बांधला आणि श्रीखंडाचा चक्का टांगतो तसा नळाला टांगला. खाली पातेलं. अर्धा तास आपोआप गळू दिला, मग पीळ घातला. चरक असला तरी नियम हाच: सावकाश. एकदम जोर लावला की पंचा फाटतो आणि लगदा भिंतीवर उडतो. आमच्या स्वयंपाकघराच्या छताला अजून एक डाग आहे.

निघालेला रस हिरवट सोनेरी असतो आणि डोळ्यांदेखत काळवंडतो. घाबरू नका, आंबताना रंग उजळतो. चोथा कंपोस्टमध्ये घाला, नाहीतर कोंबड्यांना.

रसाची नाडी

आता दोन मोजमापं, आणि दोन्ही वहीत लिहायची.

हायड्रोमीटर रसात तरंगवा. पाण्यात तो १.००० दाखवतो. परसातल्या सफरचंदाच्या रसात १.०४५ ते १.०५५ च्या मधे कुठेतरी. आकडा जितका वर तितकी साखर जास्त. सगळी साखर संपली की आकडा १.००० किंवा किंचित खाली येतो. सुरुवातीच्या आकड्यातून शेवटचा वजा करून १३१ नं गुणा, अल्कोहोलची टक्केवारी मिळते. १.०५० पासून १.००० पर्यंत आला तर साधारण साडेसहा टक्के. आकडा १.०४५ च्या खाली असेल तर सायडर टिकायला अवघड जाते, तेव्हा साखर घाला. लिटरमागे २५ ग्रॅम साखरेनं आकडा सुमारे १० अंकांनी चढतो, म्हणजे १.०४० चा १.०५०. यापेक्षा जास्त कडक करायच्या मोहात पडू नका. चव पातळ होते, डोकं जड होतं.

दुसरं पीएच. ३.२ ते ३.८ च्या मधे हवं. ३.८ च्या वर असेल तर रस पुरेसा आंबट नाही, त्यात नको ते जंतू माजतात. ब्रॅम्लीचा रस घालून खाली आणा.

त्यानंतर कॅम्डेनची गोळी, म्हणजे सल्फाइटच. चुरून पाण्यात विरघळवून घालायची. पीएच ३.३ पर्यंत असेल तर हंडीला एक, ३.५ पर्यंत दोन, त्यावर ३.८ पर्यंत तीन. ती भरकटलेले जंगली जंतू आणि बॅक्टेरिया दाबते. चोवीस तास बादली झाकून ठेवा आणि मगच यीस्ट घाला, नाहीतर गोळी त्यालाही मारेल. गोळी न घालता सालीवरच्या जंगली यीस्टवरच सोपवणारे लोक आहेत, आणि जमलं तर त्यांची सायडर माझ्यापेक्षा चवदार असते. जमलं तर. पहिल्या वर्षी हे करू नका. विरजण आपल्या हातचं असलेलं बरं.

यीस्ट वाइनचं किंवा सायडरचं घ्या, पावाचं नको. ५ ग्रॅमची पुडी २० लिटरला पुरते. कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा, फुगली की रसात सोडा. रस गढूळ राहू नये म्हणून पेक्टिन तोडणारं एन्झाइमही याच वेळी घालतात. ऐच्छिक आहे. गढूळ सायडरही चवीला वाईट नसते.

आंबताना

पहिले चार-पाच दिवस फेस उसळतो, म्हणून हंडी पाऊण भरा आणि बाकीचा रस बाटलीत घालून फ्रिजमध्ये ठेवा. हंडीखाली ताट ठेवा. तोंडाला कापसाचा बोळा पुरे. फेस बसला की फ्रिजमधल्या रसानं हंडी मानेपर्यंत भरा आणि एअरलॉक लावा.

मानेपर्यंत, हा शब्द लक्षात ठेवा. सायडर बनवायला अक्कल लागत नाही, ते काम यीस्ट करतं. आपलं काम सायडरला हवेपासून वाचवण्याचं आहे, आणि ते आत्ता सुरू होतं. आजी लोणच्याची बरणी कशी भरायची ते आठवा. फोडी दाबून, वर चार बोटं तेल, तोंडाला दादरा. तेल कशासाठी होतं? हवा अडवण्यासाठी. सायडरवर तेल ओतता येत नाही. म्हणून अरुंद मान, काठोकाठ भरलेली हंडी आणि एअरलॉकमध्ये सतत पाणी. दर आठवड्याला ते पाणी बघा, उडून जातं.

जागा थंड हवी, १२ ते १८ अंश सेल्सिअस. उबेत ठेवलं तर दहा दिवसांत आंबून मोकळं होईल, पण सफरचंदाचा वासही बुडबुड्यांबरोबर निघून जाईल. आमच्या जिन्याखाली नोव्हेंबरात १३-१४ अंश असतं. तिथे सहा-आठ आठवडे लागतात. सुरुवातीला एअरलॉक दर दोन सेकंदांना बुडबुडतो, मग दहा, मग मिनिटाला एक. रात्री सगळं शांत झालं की तो आवाज बैठकीच्या खोलीत ऐकू येतो. नवऱ्याला त्याची एवढी सवय झालीय की डिसेंबरात बुडबुडे थांबले की तो उठून बघायला जातो.

मधेच कुजक्या अंड्याचा वास आला तर यीस्टला पोषण कमी पडतंय. यीस्टचं खाद्य चिमूटभर घाला. वास सहसा जातो.

नितळणं

बुडबुडे जवळजवळ थांबले आणि आकडा १.००५ च्या आसपास आला की तळाशी बोटभर गाळ बसलेला दिसेल. तो मेलेल्या यीस्टचा. त्यावर सायडर महिनोन्‌महिने ठेवली तर कुबट चव येते. भरलेली हंडी टेबलावर, रिकामी धुतलेली जमिनीवर. नळीचं एक टोक वरच्या हंडीत गाळाच्या वर धरा, दुसऱ्या टोकातून धार सुरू करा, आणि ते टोक खालच्या हंडीच्या तळाला टेकवून ठेवा. उंचावरून खळखळ पडू देऊ नका. आवाज येत असेल तर हवा मिसळतेय. रॉकेलच्या डब्यातून नळी लावून रॉकेल काढायचो, अगदी तस्सं.

गाळामुळे शेवटचा पाव लिटर सोडावा लागतो, म्हणजे नवी हंडी रिकामी राहते. ती रिकामी ठेवायची नाही. दुसऱ्या हंडीतली सायडर घाला, नाही तर धुतलेल्या काचेच्या गोट्या टाका म्हणजे पातळी वर येते. हंडीला एक गोळी कॅम्डेन. मग पुन्हा एअरलॉक, पुन्हा जिन्याखाली, आणि दोन-तीन महिने हात लावायचा नाही.

मधे जानेवारी येतो. सॉमरसेटमध्ये कारहॅम्प्टन गावात १७ तारखेला लोक बागेत जमतात, सर्वात जुन्या झाडाच्या फांद्यांवर सायडरमध्ये बुडवलेला टोस्ट ठेवतात आणि दुष्ट शक्ती पळाव्यात म्हणून बंदुका झाडतात. सासूबाई इथे असताना त्यांना हे सांगितलं. "नैवेद्यच की," म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी आमच्या ब्रॅम्लीला हळदकुंकू वाहून आल्या. त्या वर्षी फळं जास्त आली असं त्यांचं ठाम मत आहे.

बाटलीत भरताना: माझी फजिती

पहिल्या वर्षी मी हायड्रोमीटर घेतला नव्हता. उगीच खर्च, म्हटलं. डिसेंबरात बुडबुडे थांबले, मी समजले झालं. थंडीनं यीस्ट नुसतं झोपलं होतं. बाटल्या भरल्या, बुचं ठोकली. मे महिन्यात एका दुपारी जिन्याखाली गोळी सुटल्यासारखा आवाज झाला. मग दुसरा. कपाट उघडलं तर जाड हिरव्या काचा दारात रुतलेल्या आणि कोटांवरून सायडर ठिबकतेय. नंतर उरलेली एक बाटली, डोळ्यांवर चष्मा आणि हातात जाड मोजे घालून उघडली, तेव्हा आत अजून बरीच साखर होती. आकडा नुसता १.०१२ असताना बाटली भरली तर लिटरमागे सुमारे ३० ग्रॅम साखर उरलेली असते. एवढ्या वायूचा दाब साधी बाटली सोसत नाही.

तर नियम असा. आकडा १.००० किंवा खाली यायला हवा, आणि दोन आठवड्यांच्या अंतरानं दोनदा मोजल्यावर तोच यायला हवा. मगच बाटली.

फेस नको असेल तर तशीच भरा. हलका फेस हवा असेल तर अर्ध्या लिटरच्या बाटलीला ३ ते ४ ग्रॅम साखर, चमच्याच्या अंदाजानं नव्हे, काट्यावर मोजून. बाटली बिअरची, शॅम्पेनची किंवा तारेच्या बुचाची जाड हवी. शोभेची चौकोनी बाटली वायूच्या दाबाला टिकत नाही, ती सरबताला ठेवा. दर खेपेला मी एक बाटली सोड्याची प्लास्टिकची भरते. ती दाबून बघितली की बाकीच्या काचेच्या बाटल्यांत काय चाललंय ते कळतं. दगडासारखी कडक झाली तर सगळ्यांची बुचं हळूच सैल करून वायू सोडायचा. बाटलीच्या मानेत दोन बोटं जागा, जास्त नको.

ठेवण

अंधार, थंडावा आणि एकसारखं तापमान. दहा ते पंधरा अंश सर्वात चांगलं. धातूचं बूच असेल तर बाटल्या उभ्या ठेवा, गाळ तळाशी बसतो आणि ओतताना शेवटचा घोट बाटलीतच सोडता येतो. प्रत्येकीवर चिठ्ठी: कुठलं झाड, सुरुवातीचा आकडा, शेवटचा आकडा, भरल्याची तारीख. पेन्सिलीनं लिहा, शाई ओलीनं पसरते.

सहा महिने तरी थांबा. मार्चमध्ये जी करकरीत आंबट लागते ती सप्टेंबरात मऊ झालेली असते. वसंतात झाडं फुलतात तेव्हा बाटल्यांमध्ये पुन्हा बारीक बुडबुडे दिसतात. इथले म्हातारे म्हणतात, सायडरला झाडाची आठवण येते. खरं कारण असं की घर तापतं आणि काही बॅक्टेरिया तिखट मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल करू लागतात, त्यात थोडा वायू सुटतो. सहा-साडेसहा टक्क्यांची, नीट झाकलेली सायडर मी दोन वर्षं ठेवून प्यायलेय. त्यापुढे ठेवण्याइतकी कधी उरली नाही.

बिघाड ओळखायला शिका. वर पांढरी पापुद्र्यासारखी साय आली तर हवा शिरलीय. लवकर लक्षात आलं तर सायीखालून नळीनं काढून, गोळी घालून, काठोकाठ भरून वाचते. धार तेलासारखी बुळबुळीत पडली तर तो बॅक्टेरियाचा खेळ. दिसायला वाईट, प्यायला अपाय नाही, जोरात ढवळून सल्फाइट घातलं की मोडतो. गिळल्यावर चार-पाच सेकंदांनी उंदराच्या पिंजऱ्याचा वास जिभेच्या मागे आला तर त्यावर इलाज नाही, बागेत ओता. गंमत म्हणजे तो वास सगळ्यांना येत नाही. आमच्याकडे मला येतो, नवऱ्याला नाही, त्यामुळे अशी एक हंडी त्यानं एकट्यानं संपवली.

आणि व्हिनेगरचा वास आला तर दुःख करू नका.

आंबटाचं सोनं

दरवर्षी मी एक हंडी मुद्दाम व्हिनेगरसाठी ठेवते. तिला शेवटची कॅम्डेनची गोळी घालत नाही. इतके दिवस जिला हवेपासून जपलं तिला आता हवाच द्यायची. रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत दोन तृतीयांश भरायची, तोंडाला दुपदरी फडकं बांधायचं, कारण चिलटं क्षणात हजर होतात, आणि २० ते २५ अंशांत ठेवायची. आमच्याकडे बॉयलरशेजारी. बाकीच्या हंड्यांपासून मात्र लांब, दुसऱ्या खोलीत. व्हिनेगर करणारे बॅक्टेरिया चिलटांच्या पायांवरून फिरतात. वर न उकळलेलं, न गाळलेलं व्हिनेगर कपभर घातलं की लवकर लागतं. दोन-तीन आठवड्यांत वर जेलीसारखी जाडसर चकती धरते. इंग्रजीत तिला व्हिनेगरची आई म्हणतात. ही माहिती फोनवर आईला दिली, तिला फारशी आवडली नाही.

दोन-तीन महिन्यांनी चाखा. अल्कोहोलचा वास गेला आणि नाकात झणका आला की झालं. मग मात्र पुन्हा काठोकाठ भरून बूच लावायचं, नाहीतर तेच बॅक्टेरिया व्हिनेगरही खाऊन पाणी करतात. साधारण एक टक्का अल्कोहोलमागे एक टक्का आम्ल मिळतं, म्हणून सहा टक्क्यांच्या सायडरचं पाच टक्क्यांच्या आसपासचं व्हिनेगर होतं. आसपासचं, म्हणून जपून. बाहेर महिनोन्‌महिने ठेवायच्या लोणच्याला नक्की पाच टक्के लागतं, आणि आम्ल मोजल्याशिवाय घरच्या व्हिनेगरवर तो भरवसा मी ठेवत नाही; त्यासाठी विकतचं वापरते. घरचं जातं कोशिंबिरीत, लसणाच्या चटणीत आणि उभ्या चिरलेल्या लाल कांद्यांवर. ते कांदे फ्रिजमध्ये ठेवायचे आणि आठवड्यात संपवायचे. पिठलं-भाकरीबरोबर तिसऱ्या दिवशी सर्वात छान लागतात.